काळ्या रानातून बरडावर

माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण कुणाचं असेल, तर ते माझ्या वहिनींचं. आईवडिलांचं असतंच, ते वेगळं. पण वहिनी लग्न होऊन आमच्या घरात आल्या तेव्हा मी शाळेत होतो, आणि माझ्यासाठी काही करावं असं बंधन त्यांच्यावर कुणी घातलेलं नव्हतं. बारावीनंतर मला तालुक्याच्या कॉलेजात घालायचं की घरी म्हशींमागं ठेवायचं, यावर ओसरीत बोलणं चाललं होतं. वहिनी चुलीपुढून उठून दारात आल्या आणि म्हणाल्या की सकाळच्या धारा मी काढते, भाऊजींना जाऊ द्या. खरं तर त्यांना तोवर धार नीट काढता येत नव्हती. माहेरी उसाचं रान, जनावरं गड्यांच्या हवाली. त्या शिकल्या. पहिले काही दिवस म्हैस त्यांच्या हाताला पान्हा चोरायची आणि दादा हसायचा. मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नव्हतं.

आज मी माती तपासणीच्या एका प्रयोगशाळेत नोकरी करतो. कुणाकुणाच्या रानाची माती कापडी पिशव्यांतून माझ्या टेबलावर येते. या कामाची गोडी मला कॉलेजात लागली असं लोकांना वाटतं. ती लागली आमच्या घरामागच्या बरडावर, वहिनींबरोबर खड्डे खणताना.

आमचं गाव पारनेर तालुक्यात, माळावर. ओढ्याच्या कडेनं थोड्या पट्ट्या काळ्या, त्यांच्यावर कांदा आणि वाटाणा. बाकी सगळं बरड. बरड म्हणजे वर वीतभर तांबूस माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली कातळ. पाऊस बरा झाला तर बाजरी, मटकी, हुलगे. सोयरीक जमवायला आलेली माणसं चहाचा कप हातात आला की आधी विचारतात, काळं रान किती? उत्तर ऐकून ती मान हलवतात आणि दुसरा विषय काढतात.

वहिनींचं माहेर कोपरगावकडचं, गोदावरीच्या काठचं. तिथं रान काळं आहे का, असं कुणी विचारत नाही. बारावीपर्यंत त्या सायन्सला होत्या. पुढं शिकायची इच्छा होती, पण लग्न ठरलं. काळ्या रानातली मुलगी बरडावर कशी दिली, असं गावात बरेच जण विचारायचे. मुलाचा स्वभाव बघून दिली, असं त्यांचे वडील सांगायचे. दादा म्हणायचा, म्हशी बघून दिली.

त्या माहेरच्या मातीबद्दल बोलायला लागल्या की ऐकत राहावंसं वाटे. उन्हाळ्यात जमिनीला एवढ्या भेगा पडतात की हातातून खुरपं सुटलं तर पुन्हा नांगरटीतच सापडायचं. घराच्या भिंतीला दरसाल नवी चीर, कारण खालची जमीन पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते. पावसाळ्यात रानात गेलं की चपलेखाली चिखल साठत जातो आणि माणूस चालता चालता उंच होतं.

म्हणून आमच्याकडं आल्यावर, पावसाच्या दुसऱ्या दिवशी रानातून घरी येताना त्या वाटेतच थांबल्या आणि पाय उचलून चप्पल उलटी करून बघू लागल्या. माझी आई मागून येत होती.

"काय गं, काटा मोडला का?"

"न्हाई आत्याबाई. चिखल बघते. चिखलच न्हाई लागला."

"मागवू का तुझ्या बापाकडून ट्रॉलीभर?"

वहिनी हसल्या, पण पुढं कितीतरी दिवस त्या पाऊस झाला की चप्पल बघत. मला ते तेव्हा गमतीचं वाटायचं. आता वाटतं, ती त्यांची या जमिनीशी ओळख चालली होती.

वाफशाचंही तसंच झालं. पाऊस पडून गेल्यावर माती ना ओली ना कोरडी, पेरायला बरोबर अशी होते, तो वाफसा. माहेरी पाऊस थांबल्यावर आठवडाभर रानात पाय टाकता येत नसे. त्या सवयीनं त्यांनी आईनं सांगितलेली मेथी पेरायला तितकीच वाट पाहिली आणि गेल्या तेव्हा वाफ्यात फुफाटा उडत होता. आई बोलली. वहिनी वाफ्याच्या कडेला बसून ती कोरडी माती बोटांतून सोडत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, हितली माती लई घाईची हाय." त्यानंतर त्या पावसाच्या संध्याकाळीच रानात जाऊन मूठ दाबून बघू लागल्या.

त्यांची एक सवय सगळ्या गावाला ठाऊक झाली. कुठंही गेल्या की चिमूटभर माती उचलायची, पाण्याचा थेंब टाकून बोटांत मळायची आणि शेवईसारखी वळी करून बघायची. वळी लांब झाली तर माती चिकण, मध्येच तुटली तर मध्यम, झालीच नाही तर भुरभुरीत. राहात्याला एका लग्नाला गेलो होतो. मांडवाच्या खांबाशी खणलेली माती दिसली आणि वहिनी नव्या साडीत तिथं वाकल्या. दादा दबक्या आवाजात म्हणाला, "आहेर द्यायला आलोय आपन. रान इकत घ्यायचं न्हाई आपल्याला." त्यांनी वळी पूर्ण केली, बोटं रुमालाला पुसली आणि मगच आहेराला गेल्या.

ज्या बरडाबद्दल मला सांगायचं आहे तो दीड एकराचा तुकडा घरामागं, टेकाडाच्या उतारावर आहे. तेव्हा त्यात काही होत नव्हतं. म्हशी चारायला सोडायच्या, एवढाच उपयोग. त्या वर्षी जवळच्या रस्त्याचं काम निघालं. कंत्राटदाराला भरावासाठी मुरूम हवा होता आणि त्याची माणसं मोटरसायकलवरून माळ बघत फिरत होती. आमचा उतार त्यांना आवडला. दादाही तयार झाला. त्याचं म्हणणं सरळ होतं, पीक येत नाही तर मुरूम तरी जाऊ दे.

मुरूम एकदा गेला की तो परत येत नाही, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. बांधापलीकडच्या रानातून आधीच मुरूम उचललेला होता. तिथं राहिला एक खड्डा, तळाला कातळ आणि हिरवं पाणी. त्या खड्ड्याचं पुढं काय करायचं, ते अजून त्या लोकांना सुचलेलं नाही.

वहिनींनी घरात आल्यापासून स्वतःसाठी काही मागितलं असेल तर ते तेव्हा. सासऱ्यांना त्या मामा म्हणत, आम्ही अण्णा. जेवणं झाल्यावर त्या अण्णांना म्हणाल्या, "मामा, बरड मला द्या. मला डाळिंब लावायचंय."

"दगडावर?" दादा म्हणाला.

"लोक लावत्यात."

अण्णांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग त्यांनी निवाडा दिला. एक साल. झाडं धरली तर बरड सुनेचं, त्यात कुणी पहार घालायची नाही. नाही धरली तर मुरूम जाऊ दे.

उन्हाळ्यात आमच्याकडं पाझर तलाव कोरडे पडतात आणि लोक त्यांतला गाळ काढून आपापल्या हलक्या रानात पसरतात. दरसालची रीत आहे. गाळ म्हणजे काळी, मऊ, लोण्यासारखी माती, आणि आमच्या बरडाच्या मुलखात काळ्या मातीला जो मान आहे तो दुसऱ्या कशाला नाही. शेजारच्या चाचांचा ट्रॅक्टर होता. त्यांच्या ट्रॉलीनं गाळ येऊ लागला. आम्ही सगळ्यांनी मिळून मुरमात खड्डे खणले होते. कडक मुरूम, पहारीला ठिणगी पडायची. वहिनींनी ठरवलं की खड्ड्यातला मुरूम बाजूला टाकायचा आणि खड्डा पूर्ण गाळानं भरायचा, मुरमाचा खडा आत नको. गाव येऊन बघून गेलं. सगळ्यांनी वाखाणलं. कुणालाच त्यात चूक दिसली नाही, मलाही नाही, आणि मी तेव्हा विज्ञान शिकत होतो.

चाचा ट्रॉली उलटी करताना म्हणाले, "सूनबाई, कोपरगाव आणून टाकलं तुमच्या दारात. आता डाळिंब कशाला, ऊस लावा."

वहिनींनी गाळाचं ढेकूळ उचलून नाकाशी धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पदरानं पुसले आणि घमेलं उचललं.

रोपं लावली. त्या वर्षी श्रावणात झड लागली आणि भादव्यापर्यंत पाऊस रेंगाळला. रोपांची पानं पिवळी पडू लागली. भूक लागली असेल म्हणून वहिनींनी शेणखत घातलं. पानं गळू लागली. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा बहुतेक खड्ड्यांत नुसत्या काड्या उभ्या होत्या.   कंत्राटदाराचा माणूस पुन्हा येऊन उताराकडं बघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी वहिनी मला बरडावर घेऊन गेल्या. एक काडी धरून ओढली, ती हातात आली, मुळांनी जरासुद्धा धरून ठेवली नाही. मुळं तपकिरी, आणि त्यांची साल बोटांत सटकत होती. आम्ही खड्डा उपसायला लागलो. पाऊस थांबून बरेच दिवस झाले होते, तरी तळाशी पाणी होतं. गाळ निळसर काळा झाला होता आणि त्याला नासलेल्या अंड्यासारखा वास येत होता. वहिनी खड्ड्याच्या काठावर बसल्या. मला वाटलं, आता या रडतील. त्यांनी पहार घेतली आणि खड्ड्याची भिंत खरवडली.

"भिंत बघा भाऊजी. कोरडी हाय."

खरंच कोरडी होती. चारी बाजूंना कोरडा मुरूम आणि मध्ये गाळात कोंडलेलं पाणी.

"ह्ये भांडं झालंय," त्या म्हणाल्या. "गाळ पानी सोडत न्हाई आन खालचा मुरूम कडक. मला माह्येर आठवलं, म्हनून मी खड्ड्यात माह्येर भरलं. हितल्या रानाला काय पायजे, त्ये इचारलंच न्हाई."

माझ्या नोकरीत माणसं मातीचा अहवाल हातात घेतात आणि पुष्कळदा आधी अहवालावरच चिडतात. मला त्यांचं वाईट वाटत नाही, कारण त्या कागदावर त्यांची सगळी मेहनत चुकीची ठरलेली असते. पण अशा वेळी मला तो खड्ड्याचा काठ आठवतो. सगळ्या घराचे कष्ट आणि स्वतःची एकुलती मागणी मातीत गेलेली असताना वहिनींनी कारण शोधायला पहार उचलली होती.

अण्णांची मुदत संपत आली होती. वहिनी त्यांच्यासमोर जाऊन म्हणाल्या की डाळिंब माझं चुकलं. आता मला काही लावायचं नाही, नुसतं बघायचं आहे, पुढच्या पावसाळ्यापर्यंत. दादा म्हणाला, बघायचं काय त्यात, मुरूमच आहे तो. अण्णांनी कंत्राटदाराच्या माणसाला विचारलं. त्याचं आमच्याकडचं काम थांबलेलं होतं, पुढच्या हिवाळ्यात सुरू होणार होतं. अण्णा म्हणाले, "मग बघू दे तिला. पुढल्या दिवाळीला ट्रॅक्टर बोलवीन न्हाई तर न्हाई."

ती दिवाळीची सुट्टी आणि त्यानंतरचा प्रत्येक रविवार मी वहिनींबरोबर बरडावर घालवला. आम्ही तीन ठिकाणी चाचणीचे खड्डे घेतले, उताराच्या माथ्यावर, मध्ये आणि तळाला. प्रत्येकात घागरभर पाणी ओतलं. माथ्यावर मी घागर खाली ठेवेपर्यंत पाणी गायब. मधल्या खड्ड्यात चहा पिऊन येईपर्यंत टिकलं. तळच्या खड्ड्यातल्या पाण्यात दुसऱ्या दिवशी सकाळीही आभाळ दिसत होतं. मी इतकी वर्षं त्या तुकड्याला एकच जमीन समजत होतो.

मग वळ्या. माथ्याची माती वळेचना. मधली वळली आणि तुटली. तळच्या मातीची वळी इतकी लांब झाली की वहिनींनी तिची बांगडी करून मनगटावर धरून दाखवली. कॉलेजात आम्हाला माती पाण्यात हलवून ठेवायला लावत, म्हणजे वाळू, पोयटा आणि चिकण माती आपापले थर धरतात. मी ते सांगितल्यावर वहिनींनी काचेच्या तीन बरण्या आणल्या. खिडकीत त्या ओळीनं उभ्या राहिल्या. आईनं विचारलं, कशाचं लोणचं घातलंय? वहिनी म्हणाल्या, "बरडाचं हाय आत्याबाई. मुरायला ठिवलंय." तळच्या मातीत पांढरे खडे होते. मी सरांना विचारून कॉलेजातून पातळ आम्ल आणलं आणि खड्यावर थेंब टाकला, तर तो फसफसला. चुनखडी. त्यावर लिंबाची झाडं पिवळी पडतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. वहिनींनी ते लगेच दादाला सांगितलं, कारण तळाला लिंबं लावू असं तो कधीतरी म्हणाला होता.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट त्यांनी बघितली ती बांधावर. माथ्याच्या बाजूला दगडांच्या बांधात सीताफळाची झुडपं होती. आमच्यासाठी ती तिथं असायचीच, जशी करवंदं असतात, तरवड असतो. कुणी लावलेली नाहीत, कुणी पाणी घालत नाही, शेळ्या त्यांना तोंड लावत नाहीत. वहिनींच्या माहेरच्या काळ्या रानात अशी झुडपं नव्हती, म्हणून त्यांना ती वेगळी दिसली. त्यांनी मला विचारलं, "हितं हे का धरतंय?"  आम्ही एका झुडपाशेजारी खणलं. मूळ मुरमाच्या फटीतून सरळ खाली गेलं होतं, कातळापर्यंत, आणि त्या फटीत बोटाला गारवा लागत होता.

त्यानंतर त्यांनी मनाशी सगळं लावलं. माथ्यावर काहीच नको, तिथं माती फार विरळ. मधल्या भागात सीताफळ. खड्ड्याचा तळ पहारीनं फोडून फटी मोकळ्या करायच्या, खणलेला मुरूमच परत भरायचा आणि त्यात गाळ आणि शेणखत थोडं, भाजीत मीठ घालावं इतकं. उताराच्या बाजूला प्रत्येक झाडाला दगडांची अर्धी कड. जुन्या खड्ड्यांतला गाळ उपसून तळाच्या पट्टीवर पसरायचा. तिथं गवार, वांगी आणि म्हशींना लसूणघास.

म्हणजे घमेल्यांनी भरलेला सगळा गाळ घमेल्यांनीच बाहेर काढायचा. पहिले दिवस वहिनी आणि मीच होतो. एका सकाळी दादा धारा उरकून आला आणि बांधावर उभा राहिला.

"आदी भरायचं, मग उपसायचं. कोपरगावची पद्धत का ही?"

"व्हय," वहिनी मान वर न करता म्हणाल्या. "आन पारनेरची पद्धत उभं राहून बघायची."

दादानं माझ्या हातातलं खोरं घेतलं. तो उपसू लागला आणि मी घमेली वाहिली. दुपारपर्यंत त्यानं खोरं खाली ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आमच्याआधी तिथं होता.

रोपं पावसाळ्याच्या तोंडाला लावली. पुढच्या दिवाळीला अण्णा काठी टेकत बरडावर आले. त्यांनी एक रोप निवडलं, वासराचा कान धरावा तसं बुंध्याशी धरलं आणि हलकेच ओढलं. ते हललं नाही. दुसरं धरलं. तेही हललं नाही. "धरलं," एवढंच ते म्हणाले, आणि कंत्राटदाराला निरोप पाठवला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. झाडं मोठी झाली, फळं येतात, तळाच्या पट्टीतली वांगी माझ्याकडं शहरात पिशवी भरून येतात. अण्णा गेले. जमीन दादाच्या आणि माझ्या नावावर आली, वाटणी आम्ही केलेली नाही. बरडावरच्या मालकीचा अण्णांचा निवाडा तोंडी होता आणि सातबाऱ्यावर तोंडी निवाडा चढत नाही.

यंदा रस्ता पुन्हा रुंद होतोय. नवा कंत्राटदार, तीच गरज. दादाचा फोन आला. त्यानं मला सगळं शांतपणे समजावलं. म्हशी कमी करून गाई घेतल्या आहेत, त्यांना मोकळं फिरता येईल असा मुक्त गोठा बांधायचा आहे आणि सपाट जागा नाही. बरडाचा मुरूम गेला की जागा आपोआप सपाट मिळेल. सीताफळ सगळं एकदम पिकतं, बाजारात नेईस्तोवर मऊ पडतं, आणि आता त्याचे गुडघे दुखतात. "तुझी सही लागंल," तो म्हणाला. "तू शिकलेला हायेस, इचार करून सांग." मला त्याच्या बोलण्यात एकही खोटी गोष्ट दिसली नाही.

मी शनिवारी गावी गेलो. वहिनींनी चहा दिला, पोरांची चौकशी केली, विषय काढला नाही. संध्याकाळी त्या बरडावर निघाल्या तेव्हा मी बरोबर गेलो आणि मीच विचारलं.

त्या म्हणाल्या की तुमच्या भावाचं चूक नाही, गोठा हवाच. पण गाईला पायाखाली कोरडं लागतं. मुरूम काढला तर खाली कातळ लागेल, त्यावर शेण-मूत साठून राहील आणि गाईचे खूर सडतील. माथ्यावरची जागा बघा. तिथं पाणी ठरत नाही, झाड लावलेलं नाही, मुरूम आहे तसा ठेवून वरून जरा सारखं केलं की गोठा तिथंच होतो. आणि वरचं वाहून येईल ते खाली झाडांना मिळेल.

"ह्ये दादाला सांगितलं का?"

"सांगितलं. त्यांना वाटतंय मी झाडांपायी बोलते." त्यांनी वाटेतली एक वाळकी फांदी मोडून बाजूला टाकली. "तसं न्हाईच असं मी म्हननार न्हाई. पन तुमी माझ्याकडं बघून सही आडवू नका, भाऊजी. जमिनीकडं बघा आन मग ठरवा."

निघताना मी माथ्याची, झाडांखालची आणि तळाची माती पिशव्यांत भरून घेतली. त्यांनी प्रत्येक पिशवीला गाठ मारून दिली. प्रयोगशाळेत मी त्या स्वतः तपासल्या. मग एका रविवारी बसून पत्र लिहिलं. फोनवर हे सगळं मला सांगता आलं नसतं. ते पत्र असं:

सौ. वहिनींस,

सा. नमस्कार.

मी सुखरूप पोचलो. वांगी पोचेपर्यंत ताजी राहिली. पोरांनी सीताफळं त्याच दिवशी संपवली आणि बिया कुंडीत पुरल्या आहेत. उगवतील असं वाटत नाही, कुंडीत सगळी काळी माती आहे. मी त्यांना काही बोललो नाही.

तीनही पिशव्या तपासल्या. कागद सोबत जोडला आहे, पण आकडे वाचत बसू नका, मी साध्या शब्दांत लिहितो. माथ्याच्या मातीत झाडाला खायला जवळपास काही नाही, पाणी मात्र ती थेट खाली सोडते. तळाला चुनखडी भरपूर आहे, तिथं घास आणि भाजीच बरी. झाडांखालची माती बघून मी पिशवी बदलली की काय म्हणून पुन्हा तपासली. पालापाचोळा आणि शेणखत इतकी वर्षं पडून तिच्यात सेंद्रिय कर्ब इतका वाढला आहे की ती आपल्या बरडाची आहे यावर आमच्या इथल्या लोकांचा विश्वास बसला नाही. मी त्यांना सांगितलं की ही माती कुणी आणून टाकलेली नाही, तिथंच तयार झाली आहे. त्यांनी विचारलं, कुणी केली? मी तुमच्याबद्दल बराच वेळ बोललो. चहा गार झाला.

तुम्ही म्हणालात तसं मी जमिनीकडं बघून ठरवलं. आपल्या बरडात मुरूम हीच जमीन आहे. झाडांची मुळं त्यात आहेत, पावसाचं पाणी त्यातून मुरतं आणि गाईंना पायाखाली तोच हवा आहे. तो गेला तर झाडंही जातील आणि गोठाही नीट होणार नाही. म्हणून मी सही देणार नाही. तुमच्याकडं बघूनही मी हेच ठरवलं असतं, ते मी लपवत नाही. पण कागदावरून तेच निघालं याचं मला बरं वाटलं.

दादाला काल फोनवर सांगितलं.  तो म्हणाला, तिनं तुला शिकवून पाठवलंय. मी म्हणालो, हो, पुष्कळ वर्षांपूर्वी. तेव्हा तो हसला. नंतर त्यानं विचारलं की माथ्यावर एवढ्या गाई मावतील का. दोरी घेऊन माप, असं मी सांगितलं. तो पुढच्या रविवारी मापणार आहे. त्याचे गुडघे दुखतात, दोरीचं दुसरं टोक तुम्ही धरा. सीताफळाचं त्याचं म्हणणंही बरोबर आहे. गर काढून ठेवायची सोय जवळपास कुठं होते का, त्याची चौकशी मी करतो आहे.

आणखी एक. बरडातला माझा हिस्सा तुमच्या नावावर करायचं मी ठरवलं आहे. दादाला सांगितलं, त्याची हरकत नाही. हे तुमच्या उपकाराची फेड म्हणून नाही, ती माझ्याच्यानं होणार नाही. अण्णांनी जे तोंडी दिलं होतं ते कागदावर यावं, एवढंच. यापुढं त्या रानात कुणाला पहार घालायची असेल तर त्यानं ज्यांनी ते रान नीट बघितलं आहे त्यांना विचारावं.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी रजा घेतो आहे. त्याआधी तुमचं म्हणणं कळवा. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा, मी रागावणार नाही, पण सही मात्र तरीही मिळणार नाही.

आईला नमस्कार सांगा. तिच्या डोळ्यांचे थेंब संपत आले असतील, येताना घेऊन येतो.

तुमचा
धाकटा दीर